नाशिकहून इमॅजिका : राइड, रांगा आणि खाणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. मुंबई-पुण्याच्या लोकांना ते घराजवळ आहे, सकाळी निघून रात्री घरी. नाशिककराचं तसं नाही. निम्मा दिवस रस्त्यात जातो, म्हणून आत मिळणारा प्रत्येक तास मोलाचा. पुढची सगळी उत्तरं हेच धरून दिली आहेत : कोणती राइड चांगली यापेक्षा ती किती वाजता करायची आणि जेवायला कधी बसायचं, यावर तुमचा दिवस ठरतो.

नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

जमतं, पण करू नका. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चहापाणी धरून जायला साडेचार-पाच तास आणि यायला तेवढेच. शिवाय दिवसभर उन्हात चालून, राइडमध्ये अंग घुसळून झाल्यावर ज्याला रात्री कसारा घाट चढायचा आहे, त्याच्या डोळ्यावरची झोप ही खरी अडचण. आदल्या संध्याकाळी निघून खोपोली, कर्जत किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. सकाळी दार उघडताना तुम्ही ताजेतवाने हवेत. गाडी चालवायला दोघं असतील तर त्याच रात्री परत या, एकच चालक असेल तर दुसरी रात्रही थांबा.

कोणता रस्ता घ्यावा?

दोन आहेत. पहिला : नाशिक, इगतपुरी, शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली. शहापूरपासून खोपोलीमार्गे पालीकडे जाणारा हा एकच राष्ट्रीय महामार्ग आहे (५४८ अ), आणि इमॅजिका त्याच रस्त्यावर खोपोलीच्या पुढे लागतं. यात कल्याण-शिळफाट्याची कोंडी टळते. मात्र मुरबाड-कर्जत भागात गावं, वळणं आणि रात्री अंधार, म्हणून हा पट्टा दिवसाउजेडी पार करा.

दुसरा : भिवंडी, कल्याण, शिळफाटा, तळोजा, कळंबोली आणि तिथून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग किंवा जुना रस्ता. रस्ता रुंद आहे, पण शिळफाट्याला कधी दहा मिनिटं जातात तर कधी दीड तास. शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता घेऊच नका.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा याच टप्प्यात आहे. घाट पूर्ण टळतो, त्यामुळे गाडी लागणारी मुलं सोबत असतील तर टोल भरून समृद्धीनेच जा. मोटारसायकलला तिथे बंदी आहे.

रेल्वेने?

नाशिकरोडहून कल्याण, कल्याणहून खोपोली लोकल (नाहीतर कर्जतला बदलून), पुढे रिक्षा. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालात तरी दारात पोचेपर्यंत दुपार होते आणि सगळ्या मोठ्या रांगा भरलेल्या असतात. मुक्कामी जाणार असाल तरच रेल्वेचा विचार करा.

शिर्डीला वॉटर पार्क जवळ आहे, मग खोपोलीपर्यंत कशाला जायचं?

नुसतं पाण्यात खेळायचं असेल तर खरंच कशाला जायचं? शिर्डी नाशिकहून नव्वदेक किलोमीटर, दर्शन आणि वॉटर पार्क एका दिवसात आरामात होतं. शिर्डीचं ते पार्क उभारणाऱ्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडेच २०२२ पासून इमॅजिकाही आहे. खोपोलीला जायचं ते मोठ्या रोलर कोस्टरसाठी आणि अंधारातल्या कथा-राइडसाठी. तशा मोठ्या रोलर कोस्टर शिर्डीला नाहीत.

थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क एकाच दिवशी होतील का?

नाही. तिघांची तिकिटं वेगळी असतात आणि थीम पार्कलाच पूर्ण दिवस अपुरा पडतो. जोडतिकीट स्वस्त वाटतं, पण ओले कपडे बदलणं, लॉकर आणि इकडून तिकडे चालणं यात दीड-दोन तास सहज जातात. दोन दिवस असतील तर पहिला दिवस थीम पार्कला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉटर पार्कला द्या. उलट केलंत तर पहिल्या दिवशी पाण्याने थकलेलं अंग दुसऱ्या दिवशी चालायला तयार होत नाही.

वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्रा लागतं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं आणि त्याचे धागे गाळणीत जातात. आजीला सहावारी नेसून पाण्यात उतरता येणार नाही, हे घरून निघतानाच सांगून ठेवा. दारात वाद नको.

आत शिरल्यावर आधी कुठे जायचं?

सरळ नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरकडे. वाटेत फोटो काढत थांबू नका. पहिल्या तासात नायट्रो, डीप स्पेस आणि स्क्रीम मशीन उरकली तर दिवस जिंकलात.

कारण साध्या हिशोबात आहे. समजा एका गाडीत २० जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते, म्हणजे तासाला ४०० माणसं. तुमच्या पुढे २०० जण असतील तर अर्धा तास, ६०० असतील तर दीड तास. याउलट शो किंवा पडद्यावरच्या राइडमध्ये एका खेपेला मोठा जथा आत जातो, त्यामुळे तिथली लांब दिसणारी रांगही एकदम पुढे सरकते. म्हणून कोस्टर सकाळी आणि शो दुपारी. रांगेत उभं राहण्याआधी दोन गाड्या सुटेपर्यंतचं अंतर घड्याळात मोजा आणि माणसांचा अंदाज घ्या, थांबायचं की पुढे जायचं ते दोन मिनिटांत कळतं.

जादा पैसे भरून मिळणारं लवकर प्रवेशाचं तिकीट दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि लांब शनिवार-रविवार यांतच पैसे वसूल करून देतं. मंगळवार-बुधवारच्या मोकळ्या दिवशी त्याची गरज नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत मात्र शाळांच्या सहली आडवारीच येतात, तेव्हा आडवार म्हणजे रिकामं पार्क असं धरून चालू नका.

नायट्रो खरंच इतकी भीतिदायक आहे का? पुढे बसावं की मागे?

उंची १३२ फूट, म्हणजे साधारण तेरा मजले. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. ही ‘फ्लोअरलेस’ जातीची कोस्टर आहे : बसून खांद्यावरची पट्टी लागली की पायाखालची फळी दुभंगून खाली जाते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. बहुतेकांचा धीर सुटतो तो याच क्षणी, गाडी हलायच्या आधीच. त्यानंतर साखळी गाडीला वर ओढते, तेव्हा एकसारखा कट-कट-कट आवाज येतो. तो आवाज बिघाडाचा नाही. गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांत अडकत जाणाऱ्या खिट्टीचा आहे.

पुढच्या ओळीत समोर कुणी नसतं, रूळ थेट पायाखाली दिसतो आणि वारा तोंडावर येतो. पण माथ्यावर पोचल्यावर पुढची ओळ क्षणभर सावकाश कलते, कारण गाडीचा बराचसा भार अजून मागे चढावर असतो. मागच्या ओळीचं उलट होतं : पुढचा भार उताराला लागलेला असतो, त्यामुळे शेवटची माणसं माथ्यावरून खेचली जातात आणि पोटात मोठा खड्डा पडतो. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ घ्यावी. दुसरी फेरी मिळाली तर शेवटची.

डोकं मागे टेकवून ठेवा. मान पुढे काढून बाजूला बघितलं की पट्टीवर कान आपटतात आणि संध्याकाळी मान धरते. बसताना पाठ आणि कंबर सीटला पूर्ण चिकटवा. तिरकं बसल्यावर पट्टी लागली तर सगळ्या फेरीत ती खांद्यात रुतते.

कालिका देवीच्या यात्रेतल्या ब्रेक डान्स पाळण्यावरून जो हसत उतरतो, तो नायट्रोतून बहुतेक हसतच उतरेल. आकाशपाळण्यात डोळे मिटून घेणाऱ्याला आधी गोल्ड रश एक्सप्रेसवर बसवा. ती खाणीतल्या आगगाडीसारखी आहे, वळणं खूप, पण उलटं होणं नाही.

डीप स्पेस आणि स्क्रीम मशीन यांत फरक काय?

डीप स्पेस बंद इमारतीत, अंधारात पळते. इथे साखळी नाही, चुंबकाच्या जोरावर गाडी एकदम सुटते. पुढचं वळण दिसत नाही, म्हणून शरीराला आधीच सावरून बसता येत नाही. कमी उंचीची असूनही ती कित्येकांना नायट्रोपेक्षा घाबरवते ती यामुळे.

स्क्रीम मशीन हा प्रचंड लंबक आहे. झुलता झुलता तो स्वतःभोवतीही फिरतो. यात भीतीपेक्षा गरगरणं जास्त, आणि जेवणानंतर बसलेल्यांचा इथेच घात होतो.

मळमळ होते. काय करावं?

कसारा घाटात ज्याला होतं त्याला गोल फिरणाऱ्या आणि पडद्यावरच्या राइडमध्ये होण्याची शक्यता दाट, कारण दोन्हीकडे एकच प्रकार घडतो : कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो हललो, डोळा सांगतो नाही, किंवा याच्या उलट. सरळ धावणाऱ्या कोस्टरमध्ये डोळा आणि कान एकच सांगतात, म्हणून घाटात ओकणारी कित्येक मुलं कोस्टरवर ठणठणीत राहतात.

मिस्टर इंडियासारख्या हलत्या खुर्चीच्या राइडमध्ये कसंतरी होऊ लागलं तर डोळे मिटू नका, आधी पडद्यावरून नजर काढून समोरच्या खुर्चीची कड किंवा दाराची पट्टी बघा. तरी थांबलं नाही तर मग डोळे मिटा. गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून आणि राइडच्या आधी अर्धा-पाऊण तास, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. रिकाम्या पोटीही बसू नका, उपाशी माणसाला जास्त त्रास होतो.

मुलाची उंची किती लागते?

प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी मोजतो. वय सांगून उपयोग नाही. घरी भिंतीला पाठ लावून, बूट काढून, सेंटिमीटरमध्ये उंची मोजा आणि बुकिंगच्या पानावरच्या राइडच्या यादीशी ताडून पाहा. एक-दोन सेंटिमीटरने हुकणाऱ्या मुलाला हे घरीच सांगा. तासभर रांगेत उभं राहून शेवटी परत फिरवलेल्या मुलाचा उरलेला दिवस गेलाच म्हणून समजा.

नियम मुलाच्या धाडसावर नाही, हाडांच्या मापावर बेतलेला आहे. पट्टी मोठ्या छातीसाठी घडवलेली असते, लहान अंग तिच्यातून खाली सरकू शकतं. म्हणून ‘एकदा जाऊ द्या ना’ अशी गळ घालू नका. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीही मोठ्या राइडपासून लांब राहावं.

लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत आहेत. त्यांच्यासाठी काय?

टब्बी टेक्स ऑफमध्ये उडत्या हत्तीत बसता येतं, आणि घोड्यांचा कॅरोसेल तर तीन पिढ्यांनी एकत्र बसावा असाच. अलीबाबामध्ये हातात बंदूक देऊन नेम धरायला लावतात, आठ-दहा वर्षांची मुलं इथून हलायला तयार होत नाहीत. आजी-आजोबांसाठी आमची पहिली पसंती आय फॉर इंडिया : खुर्च्या उचलून भल्यामोठ्या पडद्यापुढे नेतात आणि आपण देशावरून उडतो आहोत असं वाटतं. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी, वारा सगळं आहे, आवाज मोठा आहे, ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी आवाज कमी करून बसावं. सलीमगडमध्ये सहा-सात वर्षांच्या खालच्या मुलांना नेऊ नका. अंधार आणि भुतं रात्री झोपेत येतात.

राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर ही डायनासोरांमधून जाणारी होडी. राजासॉरस काल्पनिक नाही. त्याचे जीवाश्म गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव दिलं. मुलांना हे रांगेत सांगा, वेळ छान जातो. शेवटी होडी वरून खाली कोसळते आणि कपडे भिजतात. मे महिन्यात ही राइड दुपारी दोनला घ्या, अंग थंड होतं आणि तासाभरात वाळतंही. डिसेंबरात संध्याकाळी घेतली तर ओल्या बुटांनी पायाला फोड येतात आणि मूल कुडकुडतं.

आत कुठे खावं?

घरच्यासारखं भारतीय जेवण हवं असेल तर इमॅजिका कॅपिटल. मुलांना जहाजात बसून जेवायची हौस असेल तर जहाजाच्या आकाराचं आर्माडा. बर्गर-फ्राइजवर भागणार असेल तर रेड बॉनेट. दर दिवशी प्रत्येक उपाहारगृह उघडं असेलच असं नाही, म्हणून आत शिरतानाच नकाशा देणाऱ्याला विचारा की आज कोणकोणतं चालू आहे. दुपारी भुकेल्या पोरांना घेऊन बंद दारापर्यंत चालत जाणं फार वाईट.

कुठे खायचं यापेक्षा केव्हा खायचं हे महत्त्वाचं. एक ते अडीच या वेळात सगळ्या खिडक्यांवर झुंबड असते. बाराला बसा, नाहीतर थेट पावणेतीनला. सगळे जेवत असतात तेव्हा राइडच्या रांगा थोड्या ओसरतात, तो वेळ पदरात पाडून घ्या.

बुफे घ्यावा का? दुपारी नको. बुफेला पाऊण-एक तास जातो, आणि पैसे वसूल करायच्या नादात पोट इतकं भरतं की पुढचे दोन तास फिरणारी एकही राइड घेता येत नाही. चार माणसांत दोन लहान मुलं असतील तर मुलं पोळी-वरणाच्या पुढे जात नाहीत, पैसे मात्र ताटाचे. दुपारी हलकं काही घ्या : डोसा, भात, सँडविच. पोट भरून जेवायचं ते राइड संपल्यावर. बुकिंग करतानाच जेवण जोडून घेतलं असेल तर ते किती वाजेपर्यंत चालतं ते आधी वाचून घ्या.

लस्सी, मिल्कशेक आणि आइस्क्रीम यांच्यानंतर दोन तास स्क्रीम मशीनच्या वाटेला जाऊ नका. ताक चालतं.

घरचं खाणं नेता येतं का?

नाही, दारात पिशव्या तपासतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सोबत ठेवता येतात, औषधाची चिठ्ठी जवळ असू द्या. चिवडा, द्राक्षं, दशम्या-चटणी हे गाडीतच ठेवा आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून खा. त्या वेळी ते पंचपक्वान्नांहून गोड लागतं. रिकामी बाटली मात्र न्या आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत ते पहिल्या अर्ध्या तासात पाहून ठेवा. उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर पाणी लागतं. नाशिकचा उन्हाळा कोरडा, घाम लगेच वाळतो. खोपोलीची हवा दमट आहे, घाम अंगावरच राहतो आणि माणूस लवकर थकतो. मीठ-साखरेच्या पाण्याची दोन-तीन पाकिटं खिशात असावीत.

पावसाळ्यात जावं का?

जून ते सप्टेंबर खोपोलीला पाऊस नाशिकपेक्षा कितीतरी जास्त पडतो. हिरवळ बघण्यासारखी असते आणि गर्दी कमी. पण मुसळधार पावसात किंवा विजा चमकत असताना नायट्रोसारख्या उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. फक्त नायट्रोसाठी जाणार असाल तर पावसाळा टाळा. कथा-राइड आणि शो पाहायचे असतील तर पावसाळाच बरा.

राइड मध्येच थांबली तर?

घाबरू नका आणि पट्टीला हात लावू नका. कोस्टरच्या रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी राहू शकते. पुढची गाडी स्थानकात अडकली, कुणाचा पट्टा नीट लागला नाही किंवा एखाद्या सेन्सरने शंका घेतली की मागची गाडी आपोआप थांबवली जाते. म्हणजे थांबणं हे यंत्रणा चोख चालत असल्याचं लक्षण. उतरवायची वेळ आलीच तर कर्मचारी एकेक ओळ मोकळी करतात आणि कडेच्या जिन्याने खाली नेतात.

मोबाइल, चष्मा, चपला यांचं काय?

खिशातला मोबाइल नायट्रोत हमखास निसटतो. चेन असलेला खिसा किंवा लॉकर, तिसरा मार्ग नाही. चष्म्याला मागून दोरी बांधा. चपला काढून ठेवाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट बरे. ओढणी, मंगळसूत्र आणि लांब केस बांधून आत घ्या. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

जाता-येता खायला कुठे थांबावं?

जाताना नाशिकमध्येच मिसळ खाऊन निघालात तर घाटापर्यंत तर्री वर येते. राइडच्या दिवशी सकाळी तर तिखट नकोच : पोहे, उपमा, इडली. मिसळीची हौस आदल्या दिवशी निघताना भागवा.

कळंबोलीकडून जाणार असाल तर पळस्पे फाट्यावरचं दत्त स्नॅक्स, कोथिंबीर वडी आणि पियूष. खोपोलीत रमाकांतचा वडापाव. परतीला कर्जतमार्गे येत असाल तर दिवाडकरांचा वडा. तिन्हीकडे घाण्यातून निघालेला गरम माल मागा, पाच मिनिटं थांबायला लागलं तरी चालेल.

जवळपास देवदर्शन होईल का?

होईल, आणि तेही वाकडी वाट न करता. महडचा वरदविनायक खोपोलीच्या अलीकडे जुन्या महामार्गाजवळ आहे. पालीचा बल्लाळेश्वर इमॅजिकाच्याच रस्त्याने पुढे. अष्टविनायकांतले दोन गणपती एका सकाळी होतात. ते दुसऱ्या दिवशी ठेवा. पार्कच्या दिवशी सकाळी दर्शनाच्या रांगेत उभं राहिलात तर नायट्रोचा पहिला तास हातचा जाईल.